दुपारी लागलेलं लाहोर

नाकाडोंगरीला बदली झाली तेव्हा सामानाच्या टेम्पोत सगळ्यात वर मी ॲल्युमिनियमच्या नळ्यांचं एक गाठोडं बांधलं होतं. बायकोला ते आवडलं नव्हतं. लग्नाला दीड वर्ष झालं होतं, घरात धड पलंग नव्हता, आणि नवरा भंगारातल्या नळ्या जिवापाड सांभाळत होता. नळ्या जुन्या टीव्ही-अँटेन्यांच्या होत्या. आमच्या अड्याळला घरोघरी डिशच्या छत्र्या बसायला लागल्या, तसे लोकांनी छतावरचे अँटेने काढून टाकले आणि मी ते गोळा केले. करवतीने कापून, मापं जुळवून त्यांचा मी एफएम रेडिओसाठी एक लांबलचक अँटेना केला होता.

जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा आम्हा मास्तरांचीही वाटणी झाली. माझे काही सोबती गोंदियाकडे गेले, मी भंडाऱ्यातच राहिलो आणि तीन शाळा फिरून इकडे आलो. नाकाडोंगरीच्या एका बाजूला जंगल, दुसऱ्या बाजूला मँगनीजच्या खाणी, आणि थोडं पुढे गेलं की मध्य प्रदेश. आम्हाला खोली मिळाली ती एका कापड दुकानदाराच्या घरात, वरच्या मजल्यावर. मालक मूळचे आंधळगावचे कोष्टी. घरचे माग बंद पडले तसे ते इकडे येऊन साड्या आणि धोतरं विकू लागले होते. शांत, घाबरट स्वभावाचा माणूस. भाडं वेळेवर घ्यायचे आणि जिन्यात भेटले की जेवण झालं का एवढं विचारायचे. आमची जात त्यांना ठाऊक होती; त्यांनी कधी काढली नाही, आणि आमच्या घरचं पाणीही कधी प्यायले नाहीत.

माझा नाद सांगायचा तर सोपा आहे. एफएमचा आवाज सरळ रेषेत जातो. जमिनीचा उतार आला, डोंगर आडवा आला की संपतो. म्हणून नागपूरचं स्टेशन नागपूरच्या आसपासच ऐकू येतं, असं सगळे धरून चालतात. पण हिवाळ्यात धानाच्या बांध्यांवर, म्हणजे शेतांवर, आणि तलावांवर धुकं साचलं की सकाळी तो आवाज त्या थंड थराखालून वाट काढत लांब जातो. मग नाकाडोंगरीत रायपूर लागतं, जबलपूर लागतं. आणि उन्हाळ्यात, विशेषतः मे-जूनच्या भर दुपारी, कधीकधी आभाळात फार उंचावर असं काही होतं की हजार-दीड हजार किलोमीटरवरचं स्टेशन तिथे आपटून खाली येतं. पाच मिनिटं राहतं, अर्धा तास राहतं, आणि पुसल्यासारखं जातं. ते कधी येईल हे कोणीच सांगू शकत नाही. यायच्या वेळी आपण रेडिओपाशी असलो पाहिजे, बस.

तुमसरच्या बाजारात मला मोडीत निघालेल्या जीपमधला एक कार-टेप मिळाला होता. त्याची कॅसेट चालत नव्हती, पण रेडिओ तिखट कानाचा होता. तो मी ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटरीवर चालवायचो. त्या वर्षांत भारनियमन जोरात होतं. दुपारी लाईन जायची ती चार-पाच तासांनी यायची. लोक त्रासायचे आणि मला बरं वाटायचं, कारण पंखे, मोटारी, ट्यूबलाईटी सगळं बंद झालं की रेडिओतली खरखर एकदम खाली बसते. छतावर बांबूला अँटेना, बांबूच्या बुडाशी मी खोचलेली एक आडवी काठी, तिने तो फिरवायचा, आणि वायर खिडकीतून खाली खोलीत.

त्या उन्हाळ्यात बायकोला सातवा महिना होता. सुट्टीत आम्ही अड्याळला जायचो, पण वडिलांनी घराचं छप्पर उतरवलं होतं. मातीची कवेलू जाऊन पत्र्याचं टिन येणार होतं, ते झाल्यावरच या म्हणाले होते. म्हणून मे महिन्यात आम्ही तिथेच होतो.

एका दुपारी लाहोर लागलं.

आधी एक गाणं आलं, मग बाईचा आवाज, उर्दू. मला वाटलं आपलंच कुठलंतरी हिंदी केंद्र असेल. मग तिने लाहोरचं नाव घेतलं आणि स्टेशन हलू नये म्हणून मी काट्यावरचा हात काढून घेतला. लोकांचे फोन घ्यायचा कार्यक्रम होता. एक गृहिणी सांगत होती की सकाळपासून लाईट नाही, पाणी वर चढत नाही, लेकरं उन्हाने रडून रडून झोपली. निवेदिका म्हणाली, आमच्याही इमारतीत जनरेटरवर चाललंय. मी बायकोला हाक मारली. ती पोटावर हात ठेवून हळूहळू येऊन बसली, थोडा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "त्याईच्याकडंबी लाईन जाते काय जी?" आम्ही दोघंही हसलो. मग आवाज हलला, दुसऱ्या कुठल्या आवाजात मिसळला आणि गेला.

एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवणं मला जमलं नाही. संध्याकाळी पानठेल्यावर दोन ओळखीची माणसं होती, त्यांना सांगितलं. ती त्या बाईचा लाईट गेल्याचं ऐकून हसली. पानठेलेवाल्याने विचारलं की मॅच लागेल का. मी म्हणालो, तसं ठरवून काही लागत नाही.

दोन दिवसांनी दूधवाल्याने बायकोला विचारलं, तुमच्या घरी पाकिस्तान लागते म्हणतेत, खरं काय? आठवडी बाजारात एका अनोळखी माणसाने मला थांबवून विचारलं की तिकडच्या लोकांशी बोलताही येतं का. मी समजावून सांगितलं. तो ऐकत होता, पण मान हलवत नव्हता. मग जीपच्या अड्ड्यावर मी गेलो की बोलणं थांबायला लागलं. खरंच थांबायचं की मला तसं वाटायचं, हे आजही सांगता येणार नाही. भीती लागली की माणूस दुसऱ्यांच्या गप्प बसण्याचंही माप घेऊ लागतो.

त्या काळात आमच्या पट्ट्यात हवा तशी होती. पलीकडच्या जंगलातून नक्षल्यांचं दलम येऊन गेल्याची बातमी अधूनमधून यायची, झाडांना पत्रकं चिकटवलेली सापडायची, आणि मग पोलिसांच्या गाड्या वाढायच्या. आमच्या वस्त्यांतल्या शिकलेल्या पोरांकडे त्या दिवसांत जरा निराळ्या नजरेने पाहिलं जायचं. माझा एक मामेभाऊ नागपूरला शिकायला होता. एका मोर्चानंतर त्याला चौकशीला नेलं आणि दोन दिवसांनी सोडून दिलं. त्याला कोणी हात लावला नव्हता. पण परत आल्यापासून तो दाराकडे पाठ करून बसत नसे. हे मी पाहिलं होतं, म्हणून मला साध्या विचारण्याचीही धास्ती वाटायची.

एका सकाळी मालक वर आले. पहिल्यांदाच. दारातच उभे राहिले, आत या म्हटलं तरी आले नाहीत. त्यांची नजर खिडकीतून आलेल्या वायरवर होती.

"मास्तर, तो बांबू उतरवून टाका ना जी," ते म्हणाले. "दुकानात दोन जण विचारून गेले. माह्यं दुकान हाय, लेकरं हायेत. मले काई समजत नाई त्यातलं, पण भेव लागते."

मी उतरवतो म्हणालो. ते गेल्यावर बायकोनेही तेच म्हटलं. आणि मी उतरवला नाही. दोन दिवस विचार करत राहिलो. आता अचानक काढला तर लोक म्हणतील, काहीतरी होतं म्हणूनच काढला. शिवाय खरं सांगायचं तर मेचा महिना चालू होता, आणि असा महिना वर्षातून एकदाच येतो. बायकोला रात्री झोप लागत नव्हती. तिच्या पावलांवर सूज दिसू लागली होती.

तिसऱ्या दिवशी हवालदार आले.

पन्नाशीच्या पुढचा माणूस, मोटरसायकल दुकानासमोर उभी करून, टोपी हातात घेऊन जिना चढले. बोलणं सभ्य होतं. रेडिओ पाहिला, बॅटरी पाहिली, छतावर जाऊन बांबू पाहिला. वायर हातात धरून ती कुठून कुठे जाते ते बघितलं. मग मला विचारलं, "हे बोलते का?"

मी म्हणालो, "नाही जी. याला नुसता कान आहे."

त्यांनी मान डोलावली. म्हणाले, साहेबांनी बोलावलं आहे, रेडिओ सोबत घ्या, घाबरायचं काम नाही. मी शर्ट बदलत होतो तर बटणं लागेनात. बायको दाराशी उभी होती. तिने हवालदारांना पाणी दिलं, त्यांनी सगळा गडवा पिऊन टाकला. जाताना ती मला एवढंच म्हणाली, "लवकर या." खाली मालक दुकानाच्या गादीवर बसून साडीच्या घड्या घालत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

ठाण्यात मला एका बाकावर बसवलं. मांडीवर कार-टेप, पायाशी बॅटरी. समोरून ओळखीचे दोन पालक गेले. एकाने नमस्कार केला, दुसऱ्याने न पाहिल्यासारखं केलं. बऱ्याच वेळाने साहेबांनी आत बोलावलं. तरुण अधिकारी, पश्चिम महाराष्ट्रातला, इकडे येऊन फार दिवस झाले नव्हते. त्यांनी आधी लायसन विचारलं. मी म्हणालो की रेडिओचं लायसन बंद होऊन जमाना झाला, आणि हा साधा गाडीतला रेडिओ आहे. मग गाव, वडील काय करतात, सासर कुठलं, कोणत्या संघटनेत आहात का, नागपूरला जाणं-येणं असतं का. मामेभावाबद्दल विचारतील म्हणून मी मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं. त्यांनी विचारलं नाही, पण ते वाक्य मी सगळा वेळ मनात धरून होतो, त्यामुळे बाकीची उत्तरं अडखळत गेली.

मग त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मला एक सांगा. हे ऐकून तुम्हाला मिळतं काय?"

"काही नाही, साहेब."

"बातम्या ऐकता?"

"बातम्या लागल्या तर ऐकतो. बहुतेक जाहिराती आणि गाणीच असतात. भाषाही पुष्कळदा कळत नाही."

"भाषा कळत नाही, मिळत काही नाही. मग ऐकता कशाला?"

याचं उत्तर मी कधी तयार केलंच नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं. मी म्हणालो, "जे यायला नको ते येतं, म्हणून ऐकतो."

बोलून गेलो आणि लक्षात आलं की पोलीस ठाण्यात बसून याहून वाईट वाक्य बोलता आलं नसतं. साहेब चिडले नाहीत. त्यांनी मला सांगितलं की त्यांना माझ्याशी वैर नाही, पण वरून विचारणा झाली तर त्यांना उत्तर द्यावं लागतं, आणि राज्याच्या सरहद्दीवरच्या गावातला एक मास्तर छतावर तारा लावून परक्या मुलखातलं ऐकतो हे त्यांना वर समजावून सांगता येत नाही. मग त्यांनीच तोड काढली. हवालदार रोज दुपारी माझ्या घरी येऊन बसतील. मला जे ऐकू येतं ते तेही ऐकतील. मग ठरवू.

मी घरी आलो तेव्हा बायको जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली होती. सगळं सांगितल्यावर तिने विचारलं, "आन् काहीच लागलं नाई, त?"

तीच तर पंचाईत होती. काहीच लागलं नाही, तर मी साहेबांना खोटं सांगितलं असं होणार. मग तो बांबू कशासाठी, हा प्रश्न उभा राहणार. आणि लागलंच, तर काय लागणार? पुन्हा लाहोर लागलं, तर हवालदार आपल्या कानांनी ऐकून जाऊन सांगणार. आयुष्यात पहिल्यांदा मी आभाळ बंद राहावं असंही मागत होतो आणि उघडावं असंही.

पहिल्या दिवशी हवालदार आले, चटईवर बसले, टोपी बाजूला ठेवली. रेडिओवर नागपूर होतं, बालाघाट होतं, बाकी सगळी खरखर. मी काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत नेत होतो, छतावर जाऊन बांबू फिरवून येत होतो. स्लॅब तापलेला, पायाला चटके बसत. बायकोने मठ्ठा दिला. हवालदार प्यायले, भिंतीला टेकले आणि झोपले. मला त्यांना उठवायची हिंमत झाली नाही. उठून जाताना म्हणाले, आज काही नाही असं सांगतो.

दुसऱ्या दिवशीही तसंच. फक्त दुपारी खाणीत सुरुंग उडाले. आम्हाला त्या आवाजाची सवय होती. भांडी थोडी वाजतात, एवढंच. पण हवालदार एकदम उठून भिंतीशी जाऊन उभे राहिले. त्यांचा हात कमरेकडे गेला होता आणि तिथे काही नव्हतं. बायको स्वयंपाकाच्या जागेतून पाहत होती. मी म्हणालो, खाण आहे जी. ते खाली बसले, पाणी मागितलं. मग आपणहून सांगितलं की ते आधी गडचिरोलीत होते. रस्त्यावरच्या भूसुरुंगात त्यांची पुढची गाडी उडाली होती, ते मागच्या गाडीत होते. त्यानंतर जंगलात वायरलेसवर नक्षल्यांचं बोलणं पकडलं जायचं, ते बरंचसं तेलुगू असायचं. त्यांना ती भाषा येत नव्हती, पण तो आवाज कानात बसला होता. "आताबी कोनी तसं बोललं, त मी पयले दरवाजा कुठं हाय ते पाहातो," ते म्हणाले. मी ऐकत होतो. आतापर्यंत मला वाटत होतं की त्या खोलीत घाबरलेला माणूस मीच आहे.

तिसऱ्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती. बायकोने सकाळी पांढरी साडी नेसून मेणबत्ती लावली, आम्ही वंदना घेतली, तिने खीर शिजवली. एरवी आम्ही सकाळीच विहारात गेलो असतो, पण हवालदार येणार म्हणून घरीच राहिलो. त्या दिवशी ते रोजच्यापेक्षा लवकर आले. दुपारी दुसरीकडे बंदोबस्त होता. त्यांना खीर दिली, ती त्यांनी खाल्ली. लाईन गेलेली होती. वाटी खाली ठेवत होते, तेवढ्यात रेडिओची खरखर बदलली.

हे ज्याला ठाऊक आहे त्याला ते लगेच कळतं. रिकाम्या जागा भरल्यासारख्या होतात, काटा नेईल तिथे काहीतरी कुजबुजतं. मी काटा हळू सरकवला आणि एका ठिकाणी पुरुषाचा आवाज एकदम मोठा झाला. भरभर बोलणारा, गोल गोल शब्दांचा. हिंदी नाही, उर्दू नाही, बंगाली नाही. मला त्यातला एक शब्द कळला नाही.

हवालदार ताठ झाले.

"हे तेलुगू होय," ते म्हणाले.

मी म्हणालो, "नाही जी, तेलुगू नसावं."

"मी ऐकलो हावो. हे तेच होय."

त्यांचा चेहरा उतरला होता, आणि माझाही उतरला असणार. मला वाटत होतं की हे तेलुगू नाही, पण सिद्ध कसं करणार? तेलुगू मलाही येत नव्हतं. असं स्टेशन किती टिकेल याचा भरवसा नसतो. आत्ता ते निघून गेलं असतं, तर हवालदार ठाण्यात जाऊन खऱ्या मनाने सांगणार होते की मास्तरच्या खोलीत तेलुगू बोलणं येतं. आवाज खाली जायला लागलाच. मी धावत छतावर गेलो. बांबू उत्तर-पश्चिमेला होता; भाषा दक्षिणेची वाटत होती, म्हणून तो दक्षिणेकडे फिरवला. काठी दोनदा हातातून सुटली. खाली आवाज वाढला की गेला हे वरून कळेना. मी छताच्या कडेला खिडकीच्या वर वाकून कान दिला.

बोलणं थांबलं होतं. काहीतरी सूर लावून म्हटलं जात होतं, संथ, खूप माणसांच्या आवाजात. आणि त्या आवाजांत एक आवाज अगदी जवळचा होता. मला वाटलं रेडिओ घुमतोय. मग कळलं की तो आवाज माझ्या बायकोचा आहे.

मी खाली आलो. ती स्वयंपाकाच्या जागेच्या उंबऱ्यात उभी होती, हात जोडलेले, डोळे मिटलेले, आणि रेडिओबरोबर म्हणत होती. पालीतलं त्रिसरण होतं ते, बुद्धं सरणं गच्छामि. चाल निराळी, उच्चार जरा निराळे, पण शब्द तेच. 'दुतियंपि' आलं, 'ततियंपि' आलं, मग एकामागून एक पंचशील. आम्ही सकाळी जे म्हटलं होतं तेच, अक्षर न अक्षर. हवालदार एकदा रेडिओकडे आणि एकदा तिच्याकडे पाहत होते. मी तसाच दारात थांबलो. मला हात जोडायचंही सुचलं नाही.

ते संपल्यावर त्यांनी तिला विचारलं, "बाई, हे तुमाले कसं पाठ हाय?"

"हे आमचंच हाय जी," ती म्हणाली. "लहानपनापासून रोज म्हनतो."

"आन् हे येऊन कुठून राहिलं?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. बांबू दक्षिणेला, अंतर एवढं, आणि दिवस पौर्णिमेचा. "लंकेहून," मी म्हणालो. "तिकडे आज सगळीकडे हेच चालू असेल."

निवेदक पुन्हा त्या गोल शब्दांत बोलू लागला आणि बोलता बोलता पातळ होत गेला. खरखर परत आली. हवालदारांनी बायकोला त्या शब्दांचा अर्थ विचारला. तिने पाचही शीलं सांगितली: जीव घ्यायचा नाही, न दिलेलं घ्यायचं नाही, वाईट वागायचं नाही, खोटं बोलायचं नाही, नशा करायची नाही. ते ऐकून घेत होते. त्यांच्या गावच्या विहारात भोंग्यावर हे लागायचं, असं म्हणाले. अर्थ कधी विचारला नव्हता.

निघताना ते जिन्यात थांबले. मी दोन पायऱ्या वर होतो.

"मास्तर," ते म्हणाले, "आवाज अखीन थोडा आधी गेला असता, त मी तेलुगू म्हनूनच सांगतलो असतो."

त्यांनी ते धमकी म्हणून सांगितलं नव्हतं. त्यांनाच ते आत्ता जाणवलं होतं. मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला तरी मी जिन्यातच उभा होतो. आत गेलो तर बायको खाटेवर आडवी झाली होती आणि रडत होती. मी विचारलं, दुखतंय का? ती नाही म्हणाली. किती वेळ तिची समजूत काढत होतो आणि कशी काढली, ते आठवत नाही. खीर तशीच राहिली, उन्हाने आंबून गेली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. ते हसले. हवालदारांनी सगळं सांगितलेलं दिसलं. बायकोची तब्येत विचारली. म्हणाले, तुमच्याबद्दल माझ्या मनात आता काही नाही. मग जरा थांबून म्हणाले, "पण बांबू खाली घ्या. काल लंका लागली, उद्या लाहोर लागेल. दर वेळी माणूस बसवता येणार नाही मला." मी हो म्हणालो. वाद घालण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं, आणि मला तिथून लवकर बाहेर पडायचं होतं.

बांबू त्याच संध्याकाळी उतरवला. मालक स्वतःहून छतावर आले आणि दुसरं टोक धरलं. नळ्या त्यांनीच सुतळीने बांधून दिल्या. बांधताना ते सांगत होते की त्यांच्या वडिलांनी मागाच्या खोलीत रेडिओ ठेवला होता आणि माग चालू असताना त्यातलं एक अक्षर ऐकू यायचं नाही, तरी तो दिवसभर लावलेलाच असायचा. खाली जाता जाता त्यांनी पाणी मागितलं. बायकोने दिलं. ते प्यायले.

त्याच आठवड्यात टिन बसायची वाट न पाहता आम्ही अड्याळला गेलो. डॉक्टरीण बाईंनी रक्तदाब वाढल्याचं सांगितलं, मीठ बंद केलं, पडून राहायला सांगितलं. ते दोन महिने मी रेडिओला हात लावला नाही. छतावर टिन ठोकण्याचा आवाज आला तरी मी उठून दाराशी जायचो, आणि ती पडल्या पडल्या मला म्हणायची की सुतार हाय जी, सुतार. पावसाळ्यात आम्हाला मुलगी झाली. दोघीही सुखरूप राहिल्या.

नाकाडोंगरीत मी पुढे दोन वर्षं होतो. मुलं चांगली होती, गावही वाईट नव्हतं. पण पाकिस्तानवाला मास्तर हे नाव मागे लागलं ते लागलंच. कोणी वाईट मनाने म्हणत नसे. नवा शिक्षक आला की त्याला माझी ओळख तशीच करून दिली जायची, सगळे हसायचे, मीही हसायचो, आणि हसताना त्या नव्या माणसाच्या चेहऱ्याकडे बारकाईने पाहायचो. ते हवालदार एकदा बाजारात भेटले. निवृत्त व्हायला थोडे दिवस राहिले होते. त्यांनी बायकोची चौकशी केली, मुलीसाठी पेढे घेऊन दिले. रेडिओचं ना त्यांनी काढलं, ना मी.

आता आम्ही अड्याळला स्वतःच्या घरात राहतो. नळ्या पुन्हा छतावर आहेत, बांबूच्या जागी लोखंडी पाइप आहे. मुलगी म्हणते की लाहोर काय, जगातलं कुठलंही स्टेशन मोबाईलवर लागतं, त्यासाठी उन्हात कशाला बसायचं. तिचं खरं आहे. बायको मात्र मेच्या दुपारी काम करता करता विचारते, काही येऊन राहिलं काय? लंका त्यानंतर मला तीन-चार वेळा लागली, पण नुसती गाणी आणि जाहिराती. लाहोर एकदा लागलं.

आमचं घर रस्त्याला लागून आहे. दुपारी रेडिओ चालू असताना एखादी मोटरसायकल दारासमोर येऊन हळू झाली की माझा हात आपोआप बटणावर जातो आणि आवाज कमी करतो. बहुतेक वेळा कोणीतरी पत्ता विचारायला थांबलेलं असतं, किंवा शेजाऱ्याकडे आलेलं. गाडी पुढे गेली की मी आवाज वाढवतो. कधी स्टेशन तिथेच असतं, कधी तेवढ्यात गेलेलं असतं.